सुपडामायची मधली खोली

सुपडाबाईच्या आधी तिच्या आईची चार लेकरं गेली होती. ही झाली तेव्हा सुइणीनं तिला सुपात घालून उकिरड्यापाशी ठेवलं, आणि तिची आजी 'कुणाची तरी टाकलेली पोर सापडली' असं म्हणत तिला उचलून घरात घेऊन आली. आमच्या खानदेशात असं करत. सुपातली म्हणून सुपडी. पोराचं नाव असं टाकाऊ ठेवलं की मरण त्याच्याकडे वळून बघत नाही, अशी समजूत होती.

"खरंच नही देखं त्यानी मन्हाकडे," ती म्हणायची. "मन्हा आजूबाजूनं सगळं लई गया."

हे ती सुई ओवताना म्हणायची, आणि दोरा पार होईपर्यंत पुढचं काही बोलायची नाही.

मी लग्न होऊन धुळ्याहून खांडबाऱ्याला आले, तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. माझे सासरे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, आमचे हे शाळेत मास्तर. तिचं घर तीन खणांचं. रस्त्याकडे दुकान, म्हणजे एक शिलाई मशीन, कापड कापायचा पाट आणि मापाचा लोखंडी गज. मागे चूल. या दोहोंच्या मधे एक खोली होती आणि तिचं दार बहुतेक वेळ ओढून घेतलेलं असायचं. गावातली लहानमोठी सगळी माणसं तिला सुपडामाय म्हणत. मला ती 'वहू' म्हणायची, म्हणजे सून.

उंच, वाळकी बाई. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात नेहमी टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलायची ती डाव्या कोपऱ्यातून. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, हिला वारं गेलंय. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं होतं आणि ते तसंच वाढायचं. दोऱ्याच्या बाबतीत भारी चिकट. जुन्या कपड्याची शिवण उसवली तर निघालेला दोरासुद्धा काडीला गुंडाळून ठेवायची. माप घेताना पोरं हलली की गजानं हलकेच टपली मारायची आणि वर म्हणायची, "हालजो नको, नही तं एक बाही आखूड व्हई."

स्टेशन जवळ होतं आणि गाडीच्या इंजिनाशी तिचं हाडवैर होतं. अंगणात कपडे वाळत घातले असले आणि सुरतेकडची गाडी आली, की ती हातातलं काम टाकून चादर घेऊन धावायची आणि कपड्यांवर पांघरायची. काजळी खाली बसेपर्यंत इंजिनाला अशा काही शिव्या द्यायची की माझे सासरे ओट्यावर बसून हसू दाबत. एकदा ते म्हणाले, "सुपडाबाई, सरकारी गाडी आहे ती." तर म्हणाली, "सरकारनी भी मायनी त्याले धुयेल कपडाच घालेल व्हतीन ना."

पहिल्या आखाजीला माझा भाऊ मला न्यायला येऊ शकला नाही, म्हणून मी सासरीच होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधून गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. दुपारी घागरीची पूजा झाल्यावर सासूबाईंनी हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "चाल."

त्या मला शेजारी घेऊन गेल्या. सुपडामायच्या ओट्यावर दहाबारा माणसं बसली होती. कुणी गावातली, कुणी आसपासच्या खेड्यांवरची. कुणी फारसं बोलत नव्हतं. एकेकजण उठून मधल्या खोलीत जायचा आणि थोड्या वेळानं बाहेर यायचा. आमची पाळी आली.

आत छपराला दोरीनं बांबू टांगले होते, आणि त्या बांबूंवर कपडेच कपडे. बंड्या, सदरे, पैरणी, चोळ्या, तान्ह्या बाळांची झबली, कुंच्या. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास. सगळे कपडे नवे होते. म्हणजे कुणी एकदाही अंगात घातलेले नव्हते. पण त्यांची धाटणी जुनी होती, माझ्या लहानपणी म्हातारी माणसं घालत तशी.

सासूबाई एका हिरव्या परकरापुढे उभ्या राहिल्या. त्याच्यासोबत त्याच कापडाची इवलीशी चोळी होती.

"शांता," त्यांनी हाक मारावी तसं म्हटलं, आणि मला म्हणाल्या, "हाई तुन्ही नणंद."

काय करावं मला कळेना. मी वाकू लागले, तर मागून सुपडामाय म्हणाली, "पाया पडू नको. तुन्हापेक्षा ल्हानी शे ती."

घरी परत आल्यावर सासूबाईंनी मला सगळं सांगितलं. त्यांनी ते एकदाच सांगितलं, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

पहिलं मोठं युद्ध संपत आलं होतं त्या सालची गोष्ट. पाऊस धड पडला नव्हता. आश्विनात ताप आला. मान आणि पाठ मोडून टाकायचा म्हणून लोक त्याला मानमोडी म्हणत. सकाळी पाणी भरताना दिसलेलं माणूस दुसऱ्या दिवशी नसायचं. घरंच्या घरं अंथरुणाला लागली आणि पाणी द्यायला कुणी उठेना. साऱ्या देशात तसंच झालं होतं. एवढी माणसं गेली, पण त्यांच्या नावानं कुठे एखादा दगड उभा केल्याचं मी तरी ऐकलं नाही. राजेरजवाड्यांचे पुतळे मी पाहिले, लढाईत पडलेल्या शिपायांचे खांब पाहिले. तापानं मेलेल्या माणसांचं कुणी काही केलं नाही.

सुपडामायचा नवरा नथ्थू शिंपी तेव्हा गावचा एकुलता एक शिंपी होता. दिवाळी तोंडावर आलेली, त्यामुळे दुकानात कापडाचा ढीग. आमच्या शांताचा परकरही त्यातच होता. नथ्थूनं बरंचसं कापून ठेवलं होतं. आधी त्यांचा सहा वर्षांचा रघू गेला, मग नथ्थू. सुपडामाय स्वतः तापात बेशुद्ध होती. ती उठून बसली तेव्हा घरात कुणी नव्हतं. शेजाऱ्यांनी दोघांनाही नेलं होतं.

भाऊ तिला न्यायला आला. ती गेली नाही. म्हणाली, "लोकेस्नं कापड कापेल शे. कापेल कापड परत कसं देवाव?"

तोवर तिला फक्त हातशिलाई येत होती, काजं आणि तुरपाई. मशीन तिनं त्या थंडीत एकटीनं बसून शिकून घेतलं. सुई बोटातून आरपार गेली, ते नख तेव्हाचं. कुठलं कापड कुणाचं, हे तिला ठाऊक होतं, कारण माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला तिनं पाणी दिलं होतं. एकेक करत तिनं सगळं शिवून काढलं आणि गाठोडं डोक्यावर घेऊन घरोघर द्यायला निघाली.

काही घरांत माणूस जिवंत होता. त्यानं कपडा घेतला. बाकीच्या घरांत लोक दारात नुसते उभे राहिले. एका बाईनं झबलं हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि परत दिलं. म्हणाली, "घरमा ठेवाले जीव व्हस नही, अन् जाळाले हात व्हस नही. तूच ठेव." जवळजवळ सगळ्याच घरांतून तेच उत्तर आलं. आमच्या सासूबाईंनीही तेच सांगितलं होतं. मग तिनं ते कपडे मधल्या खोलीत बांबूवर टांगले. पुढच्या आखाजीला एक आई विचारत आली, "मन्हा पोऱ्याना सदरा शे ना अजून?" त्या वर्षापासून लोक येऊ लागले. तिनं काही ठरवून केलं नव्हतं.

खोलीचे तिचे नियम होते. हात धुवून यायचं. आत रडायचं नाही. "कपडास्ले डाग पडतस," ती दटावायची, पोरांना दटावावं तशी. माणसं ओट्यावर येऊन रडायची, मग ती त्यांना गूळपाणी द्यायची. आणि खोलीतल्या कुणाबद्दलही ती 'होता' असं म्हणायची नाही. "हाई हिरालालनी बंडी शे. त्याले गळा सैल लागस." "हाई पैरण बुधाबापूनी शे. मोठा कटकट्या माणूस शे तो." बुधाबापूंना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि तिची त्यांच्यावरची तक्रार मिटली नव्हती. त्यांनी खिसा दोनदा बदलायला लावला होता.

नवापूरचे गफूरमियाँ आखाजीला यायचे नाहीत, ईद झाली की यायचे. लाकडाच्या गाड्या हाकणारा धिप्पाड माणूस. त्यांच्या मुलाची, युसूफची, लग्नाची अचकन त्या खोलीत होती. सोबत झाकणाच्या भांड्यातून शीरखुर्मा आणायचे. आत जाऊन अचकनीची सगळी बटणं लावायचे, जरा बघायचे, मग सगळी काढायचे आणि बाहेर यायचे. सुपडामाय तोवर त्यांचं भांडं घासून, त्यात थोडे हरभरे घालून तयार ठेवायची. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून. दोघांत बोलणं असं काही व्हायचंच नाही.

एकदा धुळ्याकडचे एक खादीधारी गृहस्थ आले. सभेसाठी आले होते, कुणीतरी त्यांना खोलीबद्दल सांगितलं. त्यांनी खोली पाहिली, आणि खरोखर त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "बाई, हे तर स्मारक आहे. आपण इथे एक पाटी लावू. चार मोठी माणसं बोलावू. लोकांना कळायला हवं."

सुपडामायनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. ती फार गंभीर असली तरच तसं करायची.

"पाटी लावी तं लोके देखाले येतीन," ती म्हणाली. "आते लोके भेटाले येतस."

त्या गृहस्थांना ते उमगलं असावं. त्यांनी हात जोडले आणि ते गेले.

दरवर्षी आखाजीच्या आधी ती कपडे उन्हात घालायची. कसरीनं खाल्लेलं भोक रफू करायची, पाला बदलायची. मला दुसरं मूल झाल्यानंतर मी तिला त्या कामात हातभार लावू लागले. एकदा घड्या घालता घालता मी सहज विचारलं, "माय, यामा रघूना कोनता शे?"

"त्याना नही शे," ती म्हणाली.

दोन घड्या झाल्यावर पुढे बोलली. "शिंपीना घरमा घरनं काम सगळासना मांगे. त्याले लाल सदरा पाहिजे व्हता. रोज बापनी पाठ धरे. बाप म्हने, लोकेस्नं व्हऊ दे, मंग तुन्हं. कापड भी लयेल नव्हतं."

तिनं हातातली कुंची घडी घालून ठेवली.

"त्याले कोनता कपडामा लई गयात, ते भी माले माहीत नही. कोन्हाले इचारानी हिंमत नही व्हयनी."

मग दुसरं युद्ध आलं. लढाई दूर होती, पण कापड नाहीसं झालं. कंट्रोलचं कापड यायचं ते नवापुरात नाहीतर नंदुरबारात संपायचं, खांडबाऱ्याला पोचायचं नाही. आम्ही जुनी पातळं मधे फाडून, कडेला जोडून नेसत होतो. तरी आमचं भागत होतं. डोंगराकडच्या पाड्यांवरची दशा वेगळी होती. बाजाराला माणसं गोणपाट गुंडाळून येऊ लागली. मग बायका यायच्याच बंद झाल्या. एका घरात सासूसुनांत मिळून एकच लुगडं, एकीनं नेसून बाहेर जायचं तेव्हा दुसरीनं घरात बसायचं, असं ऐकू यायचं. सुपडामायचं मशीन दिवसचे दिवस बंद असायचं. शिवायलाच काही नव्हतं.

दामजी नावाचा एक जण पाड्यावरून तिच्याकडे बाजाराच्या दिवशी जळणाची मोळी टाकायचा. फार कमी बोलणारा. पौषातल्या एका बाजाराला त्यानं मोळी टाकली आणि तो गेला नाही, तिथेच उभा राहिला. मी ओट्यावर धान्य पाखडत होते.

"बाई, कपडा पाहिजे," तो म्हणाला. "बायको बाळंत झाली."

तिनं दुकान धुंडाळलं. चिंध्यासुद्धा उरल्या नव्हत्या, त्या आम्हीच सगळ्यांनी नेल्या होत्या. मशीनखालचं गोणपाट तिनं काढलं, झटकलं आणि त्याला दिलं. त्यानं ते घेतलं. मधल्या खोलीचं दार त्या दिवशी अर्धं उघडं होतं. तो तिकडे बघत म्हणाला, "आत लई शे."

"ते लोकेस्नं शे, भाऊ," ती म्हणाली. "मन्हं नही शे."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं, असंच मला वाटलं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, यात त्याला विचित्र काहीच वाटलं नसावं. गोणपाट काखेत मारून तो गेला.

पुढच्या बाजाराला तो मोळी घेऊन आला. सुपडामायनं विचारलं, "पोऱ्या शे का पोर? कसं शे?"

"गेलं," तो म्हणाला. "थंडी लागली." मग जरा थांबून, चूक कबूल करावी तसा म्हणाला, "ते पोतं परत नाही आणलं, बाई. त्यातच ठेवलं त्याला."

तो गेल्यावर ती पाटावर बसली. मी जवळ गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "झबला व्हता आत," ती म्हणाली. "एक नही, कितला तरी व्हता."

त्यानंतर ती आयुष्यात दुसऱ्यांदा घरोघर निघाली. या खेपेला डोक्यावर गाठोडं नव्हतं. आमच्याकडे आली तेव्हा सासूबाई सुपात डाळ निवडत होत्या.

"आक्का, मी खोली खाली करी ऱ्हायनी," ती म्हणाली. "सगळासले इचारी ऱ्हायनी. तुमले भी इचारस. शांताना परकर कोन्ही पोरले दिऊ का?"

सासूबाईंचा हात डाळीतच थांबला.

"पंचवीस वरीस तू सांभाळं, अन् आते लोकेस्ले वाटी देस?"

"हां."

"तठे तुन्हं काही नही शे," सासूबाई म्हणाल्या. "म्हनीसन तुले सोपं शे."

मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. रघूचं नाव तरी घेईल. ती उंबऱ्यावर हात टेकून उभी होती.

"हां," ती म्हणाली. "मन्हं काही नही शे." आणि गेली.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. रात्री सासऱ्यांनी समजावू पाहिलं तर त्यांच्यावरच ओरडल्या. बाकीच्या घरांतही सगळीकडे सुखानं झालं असं नाही. कुणी तिच्या तोंडावर दार लावलं. कुणी आपला कपडा मागून घेतला. गफूरमियाँनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दूल्हे का है, बाई. किसी दूल्हे कोच देना." तिनं शब्द दिला. पुढे गावातल्या एका बांगडीवाल्याच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा ती अचकन त्याच्या अंगावर होती. गफूरमियाँ बोलावणं नसताना आले, मांडवाच्या टोकाला उभे राहिले, आणि जेवण वाढायच्या आधी निघून गेले. त्यानंतरच्या ईदेला ते आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत.

कितीतरी घरं अशी होती की विचारायलाच कुणी मागे राहिलं नव्हतं. त्यांचं काय केलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "ज्यासनं कोन्ही नही, त्यासले मी सोतः इचारं." कसं विचारलं ते तिनं सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी तिनं बांबू बाहेर काढून ओट्याला बांधले. दामजीनं पाड्यावर सांगितलं असावं. माणसं आली. काही बायका झाडाच्या आड उभ्या राहिल्या. आधी त्यांच्या पुरुषांनी कपडा नेऊन द्यायचा, मग त्या पुढे यायच्या. सुपडामाय प्रत्येकाला पुढ्यात उभं करून माप बघत होती, कुठे टाचत होती, कुठे उसवत होती. देताना एवढंच सांगायची, "हाई हिरालालनी बंडी शे. निगा ठेवजो." घेणारा मान हलवायचा. हिरालाल कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. दामजीनं स्वतः काही घेतलं नाही. तो रस्त्यापलीकडे मोळीवर बसून होता. तिनं दोनदा हाक मारली. तो नुसता हात हलवायचा, की राहू द्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सासूबाई आमच्या घरातून निघाल्या. कुणाशी न बोलता त्या सरळ मधल्या खोलीत गेल्या. त्यांचा होकार आला नव्हता म्हणून सुपडामायनं परकर बाहेर आणलाच नव्हता. सासूबाई तो हातावर घेऊन बाहेर आल्या आणि ओट्यावर उभं राहून गर्दीतल्या पोरींकडे बघू लागल्या. बराच वेळ बघत होत्या. मग एका काळ्यासावळ्या, केस तांबूस पडलेल्या पोरीला त्यांनी बोटानं बोलावलं. अंगावर भावाचा फाटका सदरा होता तिच्या.

परकर तिला आखूड झाला. सासूबाईंचा चेहरा पडला. तशी सुपडामाय जमिनीवर बसली आणि परकराचा खालचा काठ तिनं उलटा केला.

"आक्का, खाले मी जास्तीनं मुडपेल व्हतं," ती म्हणाली. "वाढती पोर शे म्हनीसन."

ती उसवू लागली आणि सासूबाईंनी दुसरीकडून कापड ताणून धरलं. मुडपीच्या आतलं कापड उजेडात आलं, ते बाकीच्या परकरापेक्षा गडद हिरवं होतं, आजच ताग्यातून फाडल्यासारखं. दोघी म्हाताऱ्यांचे हात तिथे थांबले. मग सुपडामायनं भराभर टीप घातली, पोरीला परकर नेसवला, आणि पोर एकदाही मागे न बघता धावत सुटली.

त्यानंतर दर बाजाराला सासूबाई ओट्यावर येऊन बसायच्या. पाड्यांकडून येणाऱ्या वाटेकडे त्यांचे डोळे असायचे. बाकीचे कपडे आम्हांला दिसायचे. हिरालालची बंडी दिसायची, बुधाबापूंची पैरण दिसायची. तो परकर पुन्हा कधी दिसला नाही. ती पोर कुठल्या पाड्यावरची, कुणाची, आम्ही कुणीच विचारून ठेवलं नव्हतं. दामजीला विचारलं, त्यालाही सांगता येईना. युद्ध संपलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटच्या आजारात मला म्हणाल्या, "पोरनी घालं व्हई ना वं?" घातला असेल ना पोरीनं. मी हो म्हणाले.

खोली रिकामी झाल्यावरची पहिली आखाजी मला आठवते. लोक सवयीनं आले. हात धुवून आत गेले आणि उभे राहिले, पण बघायचं कुठे ते त्यांना कळेना. लवकर लवकर बाहेर येऊ लागले. ओट्यावर कुणी रडलं नाही. गूळपाणी तसंच उरलं. पुढच्या वर्षी दोनतीन माणसं आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणीच नाही.

देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला आमच्या ह्यांची शहाद्याला बदली झाली. निघण्याच्या सकाळी मी तिचा निरोप घ्यायला गेले. दुकानात मशीनवर चादर होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ती शिवत नव्हती. हाक मारली तर मधल्या खोलीतून ओ आली.

ती भिंतीपाशी उभी होती, तळहात भिंतीला लावून. बांबूंच्या दोऱ्या छपराला अजून लोंबत होत्या.

"वहू का? ये, बस," ती म्हणाली. "मी रोज सगळासले भेटस. नही तं भुली जासू." आणि दारापासून भिंतीला हात लावत, जिथे ज्याचा कपडा असायचा तिथे त्याचं नाव घेत ती पुढे सरकू लागली. "आठे हिरालाल. आठे त्यानी भाऊजाई. आठे बुधाबापू. आठे तुमनी शांता." प्रत्येक नावाला एक पाऊल. पाटलांची जुळी पोरं, स्टेशनवरचा पोर्टर, युसूफ. मग तिचा हात एका जागी थांबला.

"आठे कोन शे वं?"

मी आठवू लागले. एक पांढरी पैरण होती का तिथे, की चोळी, मला काहीच नक्की सांगता येईना.

"माले नही याद, माय."

"आक्काले माहीत व्हतं," ती म्हणाली. "आक्का शे का घरमा?"

तिलाही लगेच आठवलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. स्टेशनकडून ह्यांनी हाक मारली. सामान गाडीत चढवायचं होतं. मी तिच्या पाया पडले, तिनं माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला. उजवा भिंतीवरच होता.

दारातून मी वळून पाहिलं. ती तिथेच उभी होती. हलक्या आवाजात एकेक नाव घेऊन बघत होती, त्या जागेला कुठलं बसतं ते.